हाताला सुटलेलं पोट

माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताला एकदा पोट सुटलं होतं. हे मी चेष्टेने सांगत नाही. चांगलं गरगरीत सुटलं होतं, मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंत, आणि ते शेगडीपुढे बसून मीच वाढवलं होतं.

आमचे हे गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायला होते. शिशाचं एकेक अक्षर चिमटीत उचलायचं आणि पट्टीत ओळीने उभं करायचं, असं दिवसभराचं काम. छापखाना एरवी लग्नपत्रिका आणि औषधांची लेबलं छापायचा. पण त्या दिवसांत मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही यावरून सगळं शहर पेटलं होतं, आणि लग्नापेक्षा मोर्चे जास्त निघत होते. दिवाळीनंतरच्या एका सोमवारी ट्रेडल नावाचं छपाईचं यंत्र चालवणारा माणूस मोर्चाला गेला आणि त्याच मोर्चाची हँडबिलं यंत्रावर तशीच राहिली. ह्यांचा खरं तर यंत्राशी काडीचा संबंध नव्हता. पण मोर्चा निघून गेल्यावर हँडबिलं कोणाला वाटायची, असं म्हणून हे उठले आणि कागद घालायला उभे राहिले. शंभर-दीडशे कागद नीट गेले. पुढच्या कागदाबरोबर यंत्राने ह्यांचा हातही आत घेतला.

बोटं वाचली, हाडंही वाचली. हाताच्या पाठीवरची आणि अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी मात्र गेली. आम्ही राहायला परळला, तिसऱ्या मजल्यावर. दवाखाना चालत दहा मिनिटांवर. तिथले डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे, आणि समजावून सांगायची त्यांना फार हौस. मला आणि सासूबाईंना बाकावर बसवून ते म्हणाले, "हे बघा, नुसती पातळ कातडी लावून भागणार नाही. खाली मऊ गादी हवी, नाहीतर शिरा चिकटतील आणि बोटं हलणार नाहीत. म्हणून आम्ही पोटावरची जाड कातडी पाकिटाच्या झाकणासारखी उचलणार. एक कड पोटालाच ठेवणार आणि हात त्या झाकणाखाली घालून शिवणार. तीन आठवड्यांत हाताचं रक्त त्या कातडीत खेळायला लागलं, की पोटाकडची कड कापायची."

मी मान हलवली. मला कळलं काहीच नव्हतं, पण इतक्या शिकलेल्या माणसापुढे मान हलवायची रीत आहे. सासूबाई मात्र मालवणच्या, त्यांना असल्या रीतीभाती मान्य नव्हत्या.

"म्हंजे माझ्या झिलाच्या पोटाक खिसो शिवतलास?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर जरा विचारात पडले आणि म्हणाले, "हो आजी, खिसाच."

तर हे तीन आठवडे स्वतःच्या पोटाच्या खिशात हात घालून कॉटवर पडून होते. हात हलू नये म्हणून वरून चिकटपट्ट्या, त्यावर बँडेज, डॉक्टरांना रंग दिसावा म्हणून नवी कातडी तेवढी उघडी. बघायला येणारी माणसं आधी हळहळायची आणि मग हळूच विचारायची, आत काय धरलंय? सगळ्यात अजब प्रकार म्हणजे डास. हाताला नव्याने लावलेल्या कातडीवर डास बसला की ह्यांना पोटावर खाज सुटायची. हे डाव्या हाताने पोट खाजवत सुटायचे आणि डास हातावर बसून निवांत जेवायचा. सासूबाई पदराने वारा घालत म्हणायच्या, "आता ह्याका हात म्हणाचा की पोट, माका काय समजना नाय."

आमच्या समोरच्या खोलीत एक भावोजी राहत. नात्याने कोणी नाहीत, पण चाळीत समोरचा पुरुष भावोजीच असतो. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला आणि उरलेला वेळ चळवळीत. एका दुपारी ते वॉर्डात आले आणि ह्यांचा हात मोर्चाच्या हँडबिलापायी गेला हे आठवून त्यांना एकदम भरून आलं. "संयुक्त महाराष्ट्र," असं त्यांनी खणखणीत आवाजात म्हटलं. ह्यांनी सवयीने मूठ वर केली. केली डावीच, पण त्याने अंग ओढलं गेलं आणि पोटावरच्या टाक्यांना हिसका बसला. हे जीव खाऊन ओरडले. सगळ्या वॉर्डाला वाटलं की घोषणेला जबाब आला. प्लास्टरातले, पट्ट्यांतले, सलाईन लावलेले सगळे "झालाच पाहिजे" म्हणून ओरडले. नर्सने भावोजींना दंडाला धरून बाहेर काढलं.

तीन आठवड्यांनी कड कापली, जखमा भरल्या, हे घरी आले. हात दिसायला काही तरीच होता. मूळचा हात सावळा आणि वरचा तुकडा पोटाचा, म्हणून गोरटेला. त्यावर पोटाचे केसही उगवायला लागले. रविवारी न्हावी गॅलरीत दाढी करायला यायचा, तो पहिल्यांदाच बघून म्हणाला, "ह्याची पण करू?" आणि केलीसुद्धा.

आता माझी चूक सांगते. दवाखान्यातून आलेल्या माणसाला खायला घालायचं, हा आमच्या मजल्याचा कायदा होता. आणि ह्यांच्या हातात तर सगळ्या मजल्याचा जीव अडकलेला. पायाचं सूप, डिंकाचे लाडू, खिमा, साजूक तुपातला शिरा. रोज कुठल्या ना कुठल्या दारातून ताट यायचं आणि ताट रिकामं परत पाठवायचं नाही म्हणून मीही काहीतरी करायची. सासूबाईंचे कोंबडी-वडे वेगळेच. ह्यांना उजव्या हाताने घास घेता येत नव्हता. अंगठा बोटांना लागतच नव्हता. डाव्या हाताने खायला ह्यांना लाज वाटायची, म्हणून मी भरवायची. भरवणाऱ्याच्या हाताला माप नसतं. महिन्या-दीड महिन्यात ह्यांचं अंग धरलं आणि हात तर असा भरला की बघत राहावं. डोंगळ्यांचं वारूळ जणू. आलेल्या-गेलेल्याला मी हात दाखवायची. "बघा, कसा बाळसं धरतोय." बायका हातावरून दृष्ट काढायच्या. चार बायकांनी एका हाताचं कौतुक केलं आणि मी फुशारले, याची मला आजही लाज वाटते.

माघात डॉक्टरांना दाखवायला गेलो. हात बघून ते आधी हसायला लागले आणि मग एकदम चिडले.

"वहिनी, ह्यांना काय घालताय तुम्ही?"

मी अभिमानाने यादी सांगितली.

"अहो, ही पोटाची कातडी आहे. खाली पोटाची चरबी आहे. आम्ही ती हातावर नेऊन बसवली, पण तिला कुठे ठाऊक की ती आता हात झालीय? ती स्वतःला पोटच समजते. माणूस जाड झाला की ती जाड होणार. हे बेचकं बघा. गादी इतकी फुगलीय की अंगठा वळायला जागाच नाही. हात बरा झालाय हो, पण तुम्ही त्याला पोट आणलंत."

ह्यांनी विचारलं, "मग चिमूट कधी धरता येणार?"

"सुरीने पातळ करता येईल, पण आणखी सहा महिन्यांनी. तोवर वजन उतरवा. पोटाबरोबर हात उतरेल."

सहा महिने आमच्याकडे नव्हते. छापखान्याचे मालक माणूस भला, पण त्यांनी ह्यांची जागा पाडव्यापर्यंतच धरून ठेवली होती. पाडव्यानंतर त्यांच्या गावचा एक कंपोझिटर यायचा होता. ह्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि यावं असं वाटतही नव्हतं. घरीसुद्धा हे जुने झिजलेले चार खिळे पाटावर मांडून बसायचे आणि उचलायला बघायचे. अंगठा आणि बोट समोरासमोर यायचे आणि मध्ये जागा उरायची. ती जागा मी त्या संध्याकाळी मोजली. आगपेटी आडवी सरकवली, ती सहज मावली. तेव्हा मला रडू आलं. मी ह्यांना प्रेमाने बिघडवून ठेवलं होतं आणि वर लोकांना दाखवत हिंडले होते.

दुसऱ्या दिवसापासून दोन वेळा एकेक भाकरी, उकडलेली भाजी आणि पाणचट ताक. मी म्हटलं, "अहो, पाडव्याला पस्तीस दिवस आहेत." हे म्हणाले, "असू दे. तू म्हणशील तसं." सासूबाई मात्र माझ्याशी बोलेनाशा झाल्या. बोलल्या त्या एवढंच, "घोवाक उपाशी मारतस आणि वर आगपेटी घेऊन मोजतस?"

ताटं परत जायला लागली. चाळीत ताट परत जाणं म्हणजे भांडण, नाहीतर मयत. पंधरा-सोळा दिवस बायकांनी धीर धरला, मग सासूबाईंना गाठून विचारायला लागल्या. आता सून आपल्या मुलाला उपाशी ठेवते हे घराबाहेर कसं सांगायचं? सासूबाईंना माझा कितीही राग असला तरी घराची अब्रू त्यांना जास्त. त्या म्हणाल्या, "व्रत धरल्यान हा त्याने."

कसलं व्रत, ते त्यांनी सांगितलं नाही. ते समोरच्या भावोजींनी ठरवलं. ज्याचा हात चळवळीपायी गेला, तो माणूस जेवण टाकून बसलाय, तर कशासाठी? तळमजल्यावर जिन्याजवळ चाळीचा एक फळा होता. पाणी कधी येणार, सत्यनारायण कोणाकडे, असलं त्यावर लिहिलेलं असायचं. एका सकाळी मी खाली उतरले तर त्यावर ठळक अक्षरांत: तिसरा मजला, संयुक्त महाराष्ट्रासाठी आमरण उपोषण, दिवस चौथा.

मी पदराने पुसून टाकलं. दुपारी तिथे "दिवस चौथा" पुन्हा होता आणि खाली फुलांचा हार अडकवलेला होता.

हे गॅलरीत गेले आणि भावोजींना सगळं सरळ सांगून टाकलं. डॉक्टर, चरबी, चिमूट, सगळं. भावोजींचे डोळे पाण्याने भरले. "किती साधा माणूस," ते लोकांकडे वळून म्हणाले, "स्वतःचा मोठेपणा सांगायलासुद्धा तयार नाही."

मग आमच्या दारात माणसं बसायला लागली. सकाळी शेजारच्या चाळीतलं भजनी मंडळ, दुपारी गिरणीतल्या पाळीवरून सुटलेले लोक. आल्यावर ह्यांच्या पाया पडायचे आणि हात बघून हळहळायचे. "उपोषणाने हात बघा कसा सुजलाय," असं एक बाई म्हणाली. बाई गं, तो सुजलेला नाही, तो तुझ्या शिऱ्याने आलाय, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

सगळ्यात मोठी पंचाईत ही की ह्यांना आता डॉक्टरांनी ठरवून दिलेली भाकरीही खाता येईना. उपोषणाला बसलेल्या माणसाने चारचौघांत भाकरी कशी मोडायची? मी भाकरी पदराखाली धरून मोरीत न्यायची. हे मागून यायचे. मी पडदा ओढायची, नळ सोडायची आणि पाण्याच्या आवाजात हे भाकरी चावायचे. बाहेर भजन चाललेलं. एकदा भजन मध्येच थांबलं आणि ह्यांच्या चावण्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. सासूबाई प्रसंगावधान राखून खोकायला लागल्या, त्या पुढचं भजन सुरू होईपर्यंत खोकतच होत्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलायला लागल्या.

मी चिडचिड करत होते, पण आगपेटी रोज लावून मोजत होते. कधी अर्धी भाकरी पोटात जायची, कधी तीही नाही. हात उतरत होता. आगपेटी आडवी मावायची, ती मावेनाशी झाली. मग नुसती काडी मावायला लागली. आधी तीन काड्या शेजारी शेजारी, मग दोन.

फळ्यावर अकरावा दिवस लागला, तेव्हा दादरहून एक पुढारी आले. नाव सांगत नाही. सांगण्यासारखं त्यांनी काही वाईट केलं नाही, उलट माणूस कळवळ्याचा होता. चळवळीला जिवंत माणसं हवीत, म्हणून उपोषण सोडवायला आले होते. एका हातात मोसंब्याच्या रसाचा पेला, मागे पेढ्यांच्या पाट्या, जिन्यावर दोन मजले माणूस. भावोजींनी प्रत्येक खोलीत सांगून ठेवलं होतं की उपोषण सुटलं की त्या दिवसापासून रोज एका घरचं पक्वान्नाचं जेवण आमच्याकडे येणार. पाडव्याला आठ दिवस होते.

पुढारी ह्यांच्या शेजारी चटईवर बसले. "दादा, तुमची मागणी काय ते आम्हाला सांगा. ती आम्ही दिल्लीपर्यंत नेऊ."

हे खोटं बोलायला कधीच शिकले नाहीत. हात पुढे करून म्हणाले, "हा अंगठा ह्या बोटाला लागला पाहिजे. बाकी काही नको."

पुढाऱ्यांनी तो हात निरखला. मग उभे राहिले आणि गॅलरीच्या कठड्याला धरून बोलायला लागले. हा अंगठा म्हणजे मुंबई. ही चार बोटं म्हणजे कोकण, देश, मराठवाडा, विदर्भ. अंगठा बोटांना भेटल्याशिवाय मूठ होत नाही. मध्ये ही चरबी कोणाची आहे? (खालून ओरडा: भांडवलदारांची!) मी दाराआड उभी. ती चरबी कोणाची होती हे त्या गर्दीत मला एकटीलाच ठाऊक होतं.

टाळ्या थांबल्या आणि पुढाऱ्यांनी पेला ह्यांच्या तोंडाशी नेला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. गाल बसलेले, डोळे त्या रसावर. कधी नव्हे एवढी भूक मला त्या तोंडावर दिसली. आणि मला दिसत होत्या दोन काड्या. रसाचं काही नव्हतं, पण रसामागून पेढे, पेढ्यांमागून पुरणपोळ्या आणि आठ दिवसांनी पुन्हा आगपेटी.

मी बाहेर आले आणि पेल्यावर हात ठेवला. "नाही सोडायचं," मी म्हटलं. माझा आवाज एवढा मोठा निघेल असं मलाही वाटलं नव्हतं.

असा जयजयकार झाला की कबुतरं उडाली. वीरपत्नी म्हणून कोणीतरी माझ्याच गळ्यात हार घातला. पुढारी गोंधळले. त्यांना कोणाला मरू द्यायचं नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं ते मी बोलून टाकलं. "ह्यांनी सोडायचं तर ह्यांच्या जागी दुसऱ्या कोणी बसलं पाहिजे. रोज एक घर. आणि कोणी बसलेलं असेल तोवर ह्या मजल्यावर गोडधोड शिजणार नाही."

"साखळी उपोषण!" पुढारी खूश होऊन म्हणाले. आणि सगळ्यांची मान भावोजींकडे वळली.

भावोजी त्याच चटईवर बसले. ह्यांनी रसाचा एक घोट घेतला आणि उठून आत आले. त्यानंतरचे आठ दिवस मजल्यावर तूप कढलं नाही. हे रोज दारात बसून उघडपणे आपली भाकरी-भाजी खायचे आणि समोर कोणी ना कोणी उपाशी बसलेलं असायचं. भावोजींच्या बायकोने मला पुढच्या संक्रांतीपर्यंत तोंड दाखवलं नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी काडी मध्ये धरून बघितली. एक काडी कशीबशी मावली, हलवली तर निघेना. हे छापखान्यात गेले. मी दिवसभर घरातली भांडी काढून घासली, घासलेली पुन्हा घासली. दुपार टळल्यावर हे आले. उजवा हात पुढे केला. अंगठ्याच्या आणि बोटाच्या टोकावर शिशाचा काळा डाग होता.

"पट्टी भरली," हे म्हणाले. "हळूहळू भरली. मालक उभे राहून बघत होते. म्हणाले, उद्या ये."

मी भात वाढला. ह्यांनी तो कालवला आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा उजव्या हाताने घास केला. जरा सैल झाला, चार शितं ताटात सांडली. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी तर सरळ रडले.

पुढे महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला. भावोजी शेवटपर्यंत सांगत असत की त्यात आमच्या मजल्याच्या उपोषणाचा वाटा आहे. हातावर मग सुरी चालवलीच नाही. ह्यांनी जन्मभर जपून खाल्लं. दिवाळीला फराळ जास्त झाला की अंगठा काडीभर लांब जायचा आणि छापखान्यात काम रेंगाळायचं. मी आगपेटी दाखवली की हे चकली परत डब्यात ठेवायचे. डबा तेवढा मी उंच फळीवर ठेवायची.

शेवटच्या आजारात हे खूप उतरले. अंगाबरोबर हातही उतरला. पोटाचा तो तुकडा इतका पातळ झाला की खालच्या शिरा दिसायला लागल्या. डॉक्टरांना हवा होता तसा हात अखेर झाला. अंगठा आपणहून बोटावर येऊन पडलेला असायचा, मध्ये कागदसुद्धा सरकला नसता. मी उशाशी बसून पुन्हा भरवत होते. डिंकाचा लाडू दुधात कुस्करून, चमच्या-चमच्याने. तिसऱ्या चमच्याला ह्यांनी मान फिरवली.

"पुरे गं," हे म्हणाले. "हात फुगेल."

"फुगू दे," मी म्हटलं आणि चमचा पुढे धरला.